त्या हिवाळ्यातली माझी आजारपणं

संत्र्याचे ट्रक पुन्हा सौंसरच्या रस्त्याला लागले आहेत. पांढुर्ण्याहून सकाळची बस धरली की अर्ध्या वाटेवरच वास यायला लागतो. आधी पेट्यांत घालायच्या गवताचा, मग सालीचा, मग रस्त्याकडेला फेकून दिलेल्या फुटक्या फळांचा आंबूस वास. बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात, कारण जिनिंगला जाणाऱ्या गाड्या याच बाभळींना घासून जातात. दरवर्षी हे असंच असतं. पण हा वास आला की माझा हात नकळत पोटाच्या उजव्या बाजूला, खाली जातो. तिथं मला एका हिवाळ्यात अपेंडिक्स झालं होतं.

त्याच हिवाळ्यात मला दमा झाला, अर्धशिशी झाली, बाळ नसताना बाळंतपणानंतरची उदासी आली. एका दुपारी मी साठीची बाई होते आणि दारू सोडायचा प्रयत्न करत होते. एका दुपारी माझे वडील वारले. त्या संध्याकाळी मी पांढुर्ण्याला फोन लावून बाबांशी उगाच बराच वेळ बोलले. बाबा म्हणाले, "बरी आहेस नं? आवाज कसा येऊन राहिला तुझा?" मी म्हटलं, सर्दी आहे.

हे सगळं वैशालीकाकूच्या दवाखान्यात होत असे, सकाळचे रोगी संपून संध्याकाळचे यायच्या आधीच्या रिकाम्या वेळात. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. सौंसरच्या बाजाररस्त्यावर तिचा दवाखाना होता. एमबीबीएस झाल्यावर तिनं फॅमिली मेडिसिन घेतलं होतं, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत घरातलं सगळं एकाच डॉक्टरनं पाहायचं. काकांना कॅनडात नोकरी लागली तेव्हा ते आणि माझी चुलतबहीण ओवी आधी गेले. काकूही गेली, तिथली परीक्षा दिली, नापास झाली आणि परत आली.

परत का आली, हे मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं, रागावून आली. पण तिकडचा नियम असा आहे की बाहेर शिकलेल्या डॉक्टरनं अर्ज केला तर त्याचा हात चालू असायला हवा. काही वर्षं रोगी तपासले नसतील तर अर्जच घेत नाहीत.

"म्हणजे पाह्य," काकू म्हणाली, "तिकडे डॉक्टर व्हायचं तर इकडे डॉक्टर राहायला लागते. तिकडे नुसती घरी बसून राहिली असती तर माझी डॉक्टरकी वाळून गेली असती."

एका देशातला डॉक्टर दुसऱ्या देशात डॉक्टर कसा होतो, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, विमानात बसताना डॉक्टर तो उतरतानाही डॉक्टर. तसं नसतं. आधी कागद. पदवी तुम्ही दाखवून चालत नाही. ज्या कॉलेजनं दिली त्या कॉलेजनं थेट त्यांना सांगायचं की हो, ही आमच्याकडे शिकली. इथंच काकूचं एक वर्ष गेलं, कारण कॉलेजात ती रेखा होती. आमच्या घरात लग्नात सुनेचं नावही बदलतात. पदवीवर रेखा आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर वैशाली आणि सासरचं. तिकडच्या ऑफिसनं अतिशय नम्रपणे विचारलं की या दोघींपैकी डॉक्टर कोण आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिताना कोणाला वाटलं असेल की याचा कधी खुलासा करावा लागेल.

कागदांनंतर नागपूरला संगणकावरची लेखी परीक्षा. मग औषधांची वेगळी परीक्षा, ज्यात कोणाला काय द्यायचं याइतकंच कोणाला काहीही न देता घरी पाठवायचं हेही विचारतात. मग कॅनडात जाऊन, खोट्या रोग्यांची परीक्षा. त्यात पास झालं तर एखाद्या लहान गावात काही आठवडे तिथल्या जुन्या डॉक्टरच्या नजरेखाली काम. त्यातूनही निभावलं तर लायसन्स, आणि ते मिळाल्यावर जिथं कोणी डॉक्टर टिकत नाही अशा गावात काही वर्षं राहायचं वचन.

"म्हणजे तिकडचं सौंसरच नं," काकू हसून म्हणाली. "एवढं सगळं करून मी सौंसरातच जाऊन राहिली."

खोट्या रोग्यांच्या परीक्षेत ती पडली होती. एका लांब बोळीत ओळीनं बंद दारं असतात. प्रत्येक दारावर कागद चिकटवलेला: आत कोण आहे, वय काय, तक्रार काय. घंटा वाजली की दार वाजवून आत जायचं. आत आजाराचं सोंग घेतलेलं माणूस बसलेलं असतं आणि कोपऱ्यात परीक्षक. पुन्हा घंटा झाली की बाहेर, पुढच्या दाराशी. पहिल्या खेपेला एका खोलीतली बाई खरोखर रडत होती. काकू तिचे डोळे पुसायला पुढे झाली आणि घंटा वाजली. "मी दारातून मागे वळून पाहिलं," काकू सांगत होती, "तर ती बाई शांतपणे तोंड पुसून पुढच्या डॉक्टरची वाट पाहून राहिली होती." हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी तिच्या आवाजात तक्रार नसायची, नवल असायचं.

तर या परीक्षेच्या सरावाला मला सौंसरला बोलावलं ते माझ्या इंग्रजीसाठी. मी पांढुर्ण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मराठी बोललं तर मॅडम रागवायच्या आणि घरी इंग्रजी बोललं तर भाऊ हसायचा, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. काकूला हे माहीत होतं. तरी म्हणाली, "तुला आपल्या मनानं कुठं बोलायचंय? कागदावर लिहिलेलं दुसऱ्याचंच दुखणं सांगायचंय." ते मला जमण्यासारखं वाटलं. दुसऱ्याचं दुखणं सांगताना मला घाम येत नव्हता.

मी रोग्याच्या स्टुलावर बसायचे. काकू बाहेर जाऊन दार लोटून घ्यायची, कागद वाचायची आणि दार वाजवायची. स्वतःच्या दवाखान्याचं दार. मग आत येऊन, जिनं मला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी मांडीवर घेतलं होतं ती मला म्हणायची, नमस्कार, मी डॉक्टर वैशाली, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?

बाहेरच्या बाकावर वेळेआधी येऊन बसणारी एक पार्बताबाई होती, लोधीखेड्याची. गुडघे दुखायचे म्हणून यायची आणि गुडघे नाही दुखले तरी यायची. तिनं एकदा हे पाहिलं.

"काय वो डॉक्टरबाई, सोताच्याच दवाखान्यात दार वाजवून राह्यल्या. कोनं कोंडलं काय बाहेर?"

"परीक्षा आहे पार्बताबाई."

"अजून? एवढी डॉक्टर झाली तरी शिकूनच राह्यली बाप्पा. आमची सून बारावीत बसली थे उठलीच नाही."

सून शेजारीच बसली होती. ती खाली पाहत राहिली.

काकूला सगळ्यात जड गेलं ते परवानगी मागणं. तिकडे हात लावायच्या आधी विचारायचं असतं: मी तुमचं पोट तपासलं तर चालेल का? सौंसरात तुम्ही स्टुलावर टेकेपर्यंत काकूच्या हातात तुमची नाडी असते. सवय व्हावी म्हणून तिनं खऱ्या रोग्यांनाही विचारायला सुरुवात केली. बोरगावचे एक आजोबा चकित होऊन म्हणाले, "तपासायलेच त आलो नं बाई. नाही म्हनू काय?"

ज्या दुपारी मला अपेंडिक्स झालं, त्या दुपारी मला एक गोष्ट दिसली. काकूनं रीतसर विचारलं, मी रीतसर हो म्हटलं, ती पोट दाबत गेली, आणि माझ्या लक्षात आलं की ती पोटाकडे पाहतच नाही आहे. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. हात पोटावर आणि नजर चेहऱ्यावर, कारण दुखणं आधी तिथं उमटतं. मी जिथं कळ आल्याचं सोंग करायचं होतं तिथं केलं. काकू म्हणाली, "खोटं. खरं दुखलं की माणूस तोंड वाकडं करायच्या आधी श्वास अडवते." मी पडल्या पडल्या विचार करत होते, ही बाई पुन्हा काय शिकणार आहे आणि कोण हिला शिकवणार आहे.

पण ती नापास झाली होती, आणि का ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. निकालात एवढंच होतं की पुरेसं नाही.

सकाळी तिकडे संध्याकाळ असे, तेव्हा काकांचा फोन यायचा. ओवी शाळेचं सांगायची. एकदा काका म्हणाले, "या वेळी नाही झालं त राहू दे आता. खूप झालं. तू नुसती ये." काकूनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ती चहाचं पातेलं घासत राहिली, ते कधीच स्वच्छ झालं होतं.

"नुसती ये म्हणते," ती म्हणाली. "नुसती म्हणजे कोणती गं मी?"

त्या दिवशी मला कळलं की आम्ही दुपारी खेळत नाही आहोत. पुढच्या परीक्षेतही पडली तर ती जाईल, कारण लेक तिथं आहे. फक्त डॉक्टर इथंच राहील, बाजाररस्त्यावर, कुलुपाच्या आत.

तिच्या टेबलासमोर दोन जागा होत्या. एक स्टूल रोग्याचं, आणि शेजारी पाठ असलेली खुर्ची, सोबतच्या माणसाची. आमच्याकडे एकटं कोणी दवाखान्यात जात नाही. सुनेबरोबर सासू येते, सासूबरोबर मुलगा, म्हाताऱ्याबरोबर पुतण्या. आणि जो खुर्चीवर बसतो तोच सांगतो: हिला भूक नाही, याला झोप नाही, हिचं डोकं दुखते. काकू त्या माणसाला विचारते, स्टुलावरच्याला तपासते आणि औषध कसं घ्यायचं ते पुन्हा खुर्चीला सांगते. मोठा आजार असेल तर खुर्चीवाल्याला व्हरांड्यात नेऊन सांगते. हे सगळं इतकं रीतीचं आहे की कोणाला दिसतही नाही. मीही लहानपणापासून त्या स्टुलावर बसत आले. शेजारून आई बोलायची आणि मला बरं वाटायचं, कारण मला बोलावं लागायचं नाही. तरी एक गोष्ट होती जी आईनं सांगितली नाही, कारण तिला ती माहीतच नव्हती. ती मी अजूनही कोणाला सांगितलेली नाही आणि इथंही सांगणार नाही.

एका दुपारी मी तिशीतली बाई होते. तक्रार, डोकं दुखतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं की हिचा नवरा हिला मारतो, पण विश्वास वाटल्याशिवाय हे सांगायचं नाही. काकूनं सगळं विचारलं. दुखणं कधीपासून, कुठल्या बाजूला, उलटी होते का, उजेड सहन होतो का. घरी सगळं ठीक आहे का, हेही विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे. मोबाइलवर लावलेली वेळेची घंटा वाजली.

"सांग, काय राहिलं?"

"तिचा नवरा तिला मारतो."

काकू खाली बसली. "मी विचारलं नं पण. घरी सगळं ठीक आहे का म्हणून."

"विचारलं."

"मग तू सांगितलं काहून नाही?"

मी टेबलावरच्या काचेखालचा कॅलेंडरचा कागद पाहत राहिले. कोणाची चूक मी कधी तोंडावर सांगितलेली नव्हती.

"काकू, ते तू मला नाही विचारलं. खुर्चीला विचारलं."

खुर्ची रिकामी होती. काकूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "पुन्हा घे." आम्ही पुन्हा घेतलं, आणि घरचं विचारायची वेळ आली तेव्हा तिची नजर पुन्हा तिकडे गेली. या वेळी तिला स्वतःला कळलं. ती मधेच थांबली. "त्या रडणाऱ्या बाईलाबी मी आधी हेच विचारलं होतं," ती हळू बोलली, "की सोबत कोण आलंय."

दुसऱ्या दिवशी खुर्ची व्हरांड्यात होती.

पार्बताबाई आली ती थबकली. त्या दिवशी गुडघे तिचे नव्हते, तपासायचं सुनेला होतं. "खुर्ची कुठी गेली?"

"बाहेर आहे. तुम्ही बसा तिथं जराशा. आधी मी हिच्याशी बोलते."

"अन् हिचं सांगन कोन?"

"हीच सांगेल."

"हे? हे त घरात बी बोलत नाही वो. इथं काय सांगन, कपाळ?"

दार लागलं. पार्बताबाई व्हरांड्यात बसली आणि मी तिच्याशेजारी. समोर ट्रकमध्ये पेट्या चढत होत्या. ती मला ऐकवत राहिली. कानडात असं करतेत म्हणे. मंग कानडातच करावं नं. मी काय खाऊन राह्यली काय सुनेले. दोन साल झाले, मीच आनून राह्यली हिले इथं. दार उघडेना तसा तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तिनं मला विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, "एवढं काय बोलत असन वो ते?"

मग काकूनं दार उघडलं. "आता तुम्ही आत या पार्बताबाई. आता तुमच्याशिवाय होणार नाही." सून स्टुलावर होती, डोळे लाल, पण मान वर. काकूनं तिच्याकडे वळून विचारलं, "सविता, मी यांना सांगू का?" त्या मुलीचं नाव सविता आहे हे मला तेव्हा कळलं. बहुतेक काकूलाही त्याच दिवशी कळलं असावं, तोवर ती पार्बताबाईची सून होती. सविता हो म्हणाली आणि दार पुन्हा लागलं.

आत काय झालं ते मला ठाऊक नाही. काकूनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण बंद दाराबाहेर बसून मला जे वाटलं ते अजून तसंच आहे. हजारो मैलांवरच्या कुठल्याशा बोळीत, कोणीतरी ठरवलं की माणसाला त्याचं दुखणं स्वतः सांगू द्यावं; आणि ते इतक्या लांबून, परीक्षेच्या वाटेनं, लोधीखेड्याच्या एका मुलीपर्यंत पोचलं. आणि सासूला कधी आत बोलवायचं, तिच्याशी कोणत्या स्वरात बोलायचं, हे त्या बोळीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. ते काकूचं होतं, सौंसरचं.

सगळ्यांना हे आवडलं नाही. डॉक्टरबाई आता परक्यासारखी वागते, घरच्यांना बाहेर काढते, असं बाजारात बोललं गेलं. काही घरं दुसऱ्या दवाखान्यात जायला लागली. काकूला ते लागलं, पण खुर्ची तिनं आत आणली नाही. महिनाभरानं पार्बताबाई आली ती स्वतःच व्हरांड्यात टेकली आणि सुनेला म्हणाली, "जाय, सांग तुयं तू. मी हाओ इथं."

मी आता पांढुर्ण्यातल्या एका शाळेत लहान वर्गाला शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक मुलांना घेऊन येतात. मी मुलीला नाव विचारते आणि आई सांगते, वर म्हणते, ही बोलत नाही कोणाशी. मी आईकडे पाहून हसते आणि मुलीकडे पाहत थांबते. थांबणं मला जमतं. मूल बोलायच्या आधी त्याचा श्वास आत जातो, तो मला आता ऐकू येतो.

बागा रिकाम्या होऊन ट्रक विरळ झाले तेव्हा काकू परीक्षेला गेली आणि लगेच परतली, पुन्हा रोगी तपासत राहिली. निकाल उन्हाळ्यात आला. मी पांढुर्ण्याला होते. फोनवर ती फक्त "झालं" म्हणाली आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. आमच्या घरात यालाच गप्पा म्हणतात, असं भाऊ म्हणतो.

पण झालं नव्हतं. शेवटचं बाकी होतं, जुन्या डॉक्टरच्या नजरेखालचं. त्यासाठी तिला गव्हाच्या सपाट रानातलं एक गाव मिळालं, जिथून ओवीची शाळा गाडीनं अर्ध्या दिवसावर. तिथला डॉक्टर म्हातारा, उंच, अबोल. ती रोगी तपासायची आणि तो कोपऱ्यात बसून लिहायचा. चुकलं तर थांबवायचा नाही, बरोबर आलं तर मान हलवायचा नाही. रविवारी फोनवर काकू म्हणायची, "मी लोकांच्या तोंडावरून पोटातलं ओळखते, पण याच्या तोंडावर काहीच दिसत नाही गं." त्याच्या एका सहीवर सगळं होतं: नाव बदललेली रेखा, दोनदा दिलेली परीक्षा, बंद केलेला दवाखाना. त्यानं नाही म्हटलं असतं तर पुढे कुठली परीक्षा नव्हती. मग तिला काका आणि ओवी राहत होते त्या घरी जावं लागलं असतं, नुसतं.

लायसन्स आल्याचं सांगायला तिनं या आठवड्यात फोन केला. मी बसमध्ये होते. मी अभिनंदन म्हटलं आणि मला रडू येऊ लागलं, म्हणून खिडकीकडे तोंड केलं. काकू म्हणाली, "थांब, शेवटच्या दिवसाचं तर तुला सांगितलंच नाही मी."

शेवटच्या दिवशी शेवटचा रोगी गेला, तरी म्हातारा डॉक्टर उठला नाही. मग म्हणाला, रिपोर्ट मी सकाळीच पाठवून दिला आहे, तेव्हा आता विचारायला हरकत नाही. या गावात इतकी वर्षं मी एकटाच डॉक्टर होतो. मी कोणाकडे जाणार? आणि तो कोपऱ्यातून उठून रोग्याच्या जागेवर येऊन बसला आणि शर्टाच्या बाहीचं बटण काढायला लागला.

"मी त्याला रीतसर विचारलं, बीपी घेतलं तर चालेल का, अन् मग घेतलं," काकू म्हणाली.

"किती निघालं?" मी विचारलं.

"ते तुला कशाला सांगू," काकू म्हणाली. "तो माझा पेशंट आहे."